खुंटीपासून तीस फूट

१

हॉलिस मॅकीव्हरचं तोंड काँक्रीटच्या आत होतं आणि उजवा हात बाहेर. रातोरात नव्या घरासाठी ओतलेल्या स्लॅबचा दगड झाला होता, त्यामुळे त्याला उचलायचं म्हणजे आधी काँक्रीट फोडायला हवं होतं. ड्रिलचा पहिला दणका बसला तशा पेकन टेरेस वस्तीतल्या बायका दारं लावून आत गेल्या. पुरुष मात्र कॉफीचे कप हातात धरून कोपऱ्यावर उभे राहिले, तमाशा बघत.

मी हॅकबेरी बेंडची जस्टिस ऑफ द पीस. आमच्या टेक्सासच्या लहान गावांत कुणी असं मेलं की डॉक्टरच्या आधी आम्हाला बोलावतात. मेलेला माणूस मेला आहे आणि कशाने मेला, हे मी सांगितल्याशिवाय त्याला हलवत नाहीत. या कामाला वकिली लागत नाही, डॉक्टरकी लागत नाही, फक्त मतं लागतात. मतं मागायच्या आधी मी नवऱ्याबरोबर काँक्रीटचा धंदा सांभाळत होते, म्हणून त्या सकाळी मला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

हॉलिसला उताणा केला तेव्हा डेप्युटी कुंपणाशी जाऊन ओकला. नाकात आणि तोंडात सिमेंट घट्ट भरलं होतं. डोक्याच्या मागे हाड आत गेलं होतं, चौकोनी खळगा पडला होता. म्हणजे डोकं फुटल्यावरही तो जिवंत होता. कुणीतरी त्याला ओल्या काँक्रीटात दाबून धरलं होतं आणि तो श्वास घ्यायला धडपडत होता. चाळीस वर्षं गावातल्या पोरांना भूगोल शिकवलेला माणूस! मला भयंकर राग आला.

त्याच्या खांद्यांच्या दोन्ही बाजूंना स्लॅबमध्ये बशीएवढे दोन खळगे होते.

"कोपरं टेकवून उठायला बघत असणार बिचारा," चीफ टॅकेट म्हणाला. आमचा पोलीसप्रमुख कुठल्याही प्रश्नाचं पहिलं सापडेल ते उत्तर घेतो आणि दुपारच्या जेवणाला मोकळा होतो.

"टॅकेट, त्याचा एक हात डोक्याच्या वर आहे आणि दुसरा पोटाखाली. कोपरं आणायची कुठून?"

"जज्ज, तुम्ही उगाच कीस पाडता. हत्यार मिळालंय."

त्याने पिशवीतून लांब दांड्याचं लोखंडी फावडं काढलं, भट्टीतले निखारे ओढायचं. ते गटारात पडलेलं सापडलं होतं. पात्याला रक्त आणि पांढरे केस चिकटले होते. पातं माझ्या पंजाहून रुंद आणि कडेला धारदार. तसलं पातं बसलं तर कवटी चिरली जाते, चौकोनी खळगा पडत नाही.

"हे फावडं कुणाचं ते पोरंसुद्धा सांगतील," टॅकेट म्हणाला. "मिस इर्माचं. तिला आणायला गाडी गेलीसुद्धा."

२

मिस इर्मा गिलोरी स्लॅबच्या शेजारच्या प्लॉटवर राहते आणि मागच्या अंगणात विटांच्या भट्टीवर मांस भाजून विकते. शनिवारी तिच्या दारात रांग लागते. त्या रांगेत टॅकेटही असतो. आणि खरं बघता ती भट्टी तिथे असायलाच नको.

पेकन टेरेसची घरं १९३८ साली विकली गेली तेव्हा प्रत्येक खरेदीखतात त्याच अटी घातल्या होत्या. एका प्लॉटवर एकच घर, धंदा नाही, आणि समोर तीस फूट जागा मोकळी. पहिली अट तर अशी होती की इथे गोऱ्याशिवाय कुणी राहायचं नाही. ती कोर्टाने केव्हाच रद्द केली, पण कागदावर तशीच होती. बाकीच्या अटी जिवंत होत्या, फक्त त्या पाळायला लावायच्या तर शेजाऱ्यावर आपणच खटला घालावा लागे. ज्याच्याकडून शिडी उसनी आणायची त्याच्यावरच खटला कोण घालणार? म्हणून बहुतेकांनी कानाडोळा केला.

हॉलिसने ठरवलं की या अटींचा नगरपालिकेचा नियम करायचा. मग लक्ष ठेवणं गावाचं काम, शेजाऱ्याचं नाही. दोन वर्षं तो आणि गल्लीतला वेंडेल प्रॅदर दारोदार फिरले. पहिली अट हॉलिसने सगळ्यांसमोर लाल पेन्सिलीने खोडली. "ही घाण आधी काढू," म्हणाला, "मग कुंपणांबद्दल बोलू." येत्या गुरुवारी संध्याकाळी मतदान होतं.

शुक्रवारी दुपारी, म्हणजे मरायच्या काही तास आधी, तो माझ्या ऑफिसात आला होता. घामाघूम, हातात मोजपट्टी.

"व्हर्ना, खतात लिहिलंय, 'हद्दीपासून तीस फूट'. हद्द म्हणजे रस्त्याची कड ना?"

"नाही रे बाबा. हद्द म्हणजे प्लॉटच्या कोपऱ्यात पुरलेली लोखंडी खुंटी. ती कडेच्या दहा फूट आत असते. मधली पट्टी गावाची."

त्याचा चेहरा पडला. "आम्ही सगळे जन्मभर कडेपासून मोजतोय! बिल्डर रॅट्लिफच्या स्लॅबचा साचा बुधवारी मीच मोजला आणि बरोबर आहे म्हणालो."

"मग तुम्ही सगळे जन्मभर चुकताय."

"आणि मिस इर्माची भट्टी? 'जे उभं आहे आणि चालू आहे ते राहील' असं कलम मी घातलंय. त्यात ती बसेल?"

"मतदानाच्या दिवशी पेटलेली असेल तर बसेल. मग तिला कुणी हात लावू शकणार नाही. त्या दिवशी बंद असेल तर कायमची गेली."

तो हसला. "मग काळजी नाही. ती ख्रिसमसलासुद्धा विझवत नाही." दाराशी वळून म्हणाला, "खुंटीचं कुणाला बोलू नकोस. आधी डोळ्यांनी बघतो. नाहीतर गावभर बोंब होईल." आणि कुदळ आणायला घरी गेला. मी कुणाला बोलले नाही.

शनिवारी दुपारी मी कोठडीत गेले. मिस इर्मा बाकावर बसली होती. साठीची धिप्पाड बाई, पण ओठ फुटला होता आणि एक डोळा सुजून मिटला होता.

"हे कुणी केलं?"

"डेप्युटी म्हणतो मी दारावर आपटले. दाराला अंगठी होती, मिस व्हर्ना." तिने ओठाचं रक्त पुसलं. "परवा गुरुवारी हॉलिसवर मी सॉसचं भांडं फेकलं, हे खरं. सगळ्या गल्लीने बघितलं. माझी भट्टी मोजत होता मेला! मला वाटलं, बंद करायला आलाय."

"आणि मग?"

"मग तो सॉस चाटत म्हणाला, 'इर्मा, तुझी भट्टी वाचवायलाच मोजतोय, नियमात घालायचीय.' मला इतकं ओशाळल्यासारखं झालं! आत बसवून जेवायला घातलं. ते मात्र कुणी बघितलं नाही. चांगलं वागताना कोण बघतं?"

"फावडं?"

"कुंपणाला खिळ्यावर असतं. कुणीही हात घालून काढावं." मग ती उठून गजांशी आली. "माझं काय व्हायचं ते होवो. पण अंगणाला पोलिसांनी पिवळी पट्टी लावलीय. माझ्या बहिणीलासुद्धा आत जाऊ देत नाहीत. भट्टी विझली असेल आत्तापर्यंत. ती बंदच राहिली तर मी सुटून तरी काय करू?"

माझ्यापाशी तिला सोडायचा अधिकार नव्हता. खुनाचं प्रकरण काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मोठ्या जज्जाने लगेच स्वतःकडे ओढून घेतलं होतं. माझ्या हातात फक्त मृत्यूची चौकशी उरली, आणि गुरुवारपर्यंतचा वेळ.

३

तिथून मी प्लॉटवर गेले तेव्हा डेल रॅट्लिफ स्लॅबवर उभा राहून शिव्या देत होता. तो बिल्डर. कोपऱ्याच्या प्लॉटवर चार बिऱ्हाडांचं घर बांधायला निघाला होता. गुरुवारच्या आत पाया पडला तर ते 'उभं आहे' म्हणून वाचेल, असा त्याचा डाव. म्हणून शुक्रवारी दुपारी घाईघाईने स्लॅब ओतला. आता पेकन टेरेसच्या लोकांनी त्याच्या ट्रकच्या काचा फोडल्या होत्या आणि त्याने त्यांतल्या एकाचा दात पाडला होता.

"हॉलिसला मारायला मी वेडा आहे का?" तो माझ्या अंगावर आला. "आणि मारलं तर माझ्याच स्लॅबमध्ये पुरीन?"

"आवाज खाली. शुक्रवारी अंधार पडायच्या सुमाराला कुठे होतास?"

"फुटबॉलला! सगळं गाव होतं."

हे खरं होतं. शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे घराघराला कुलूप असतं. पोरांचा सामना म्हणजे चर्चपेक्षा मोठं काम. रॅट्लिफने तर पाहुण्या शाळेच्या बँडवाल्याला त्याच्याच ढोलात डोक्यावर उभा केला होता. हे हजार लोकांनी बघितलं होतं. त्याच्याइतका भक्कम पुरावा गावात कुणाकडेच नव्हता.

"स्लॅब कुठून मोजलास?"

"कुठून म्हणजे? कडेपासून तीस फूट, सगळे मोजतात तसं. हॉलिसने स्वतः पट्टी धरली. एक इंच इकडेतिकडे नाही." तो थुंकला. "का? कुणी काही म्हणालं का?"

मी त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं. त्याच्या डोळ्यांत नुसता वैताग होता, भीती नव्हती. खुंटीबद्दल त्याला काही माहीत नव्हतं, एवढं मात्र मला पक्कं कळलं.

तेवढ्यात वीट आली. माझ्या कानाजवळून गेली आणि मिस इर्माच्या खिडकीतून आत पडली. कोपऱ्यावरच्या घोळक्यातून कुणीतरी ओरडलं, "जाळून टाका तिचं घर!" आणि दोघेजण रॉकेलचा डबा घेऊन पुढे सरकले.

रॅट्लिफने पट्कन फळी उचलली. "या," तो म्हणाला, "सकाळपासून हात शिवशिवतायत." पुढच्या दोन मिनिटांत एकाचं मनगट मोडलं, दुसऱ्याच्या डोक्यातून रक्ताची धार लागली आणि डबा गटारात गेला. मला तो माणूस कधीच आवडला नव्हता. त्या दिवशीही आवडला नाही, पण माझ्या यादीतून मी त्याला खोडला.

४

वेंडेल प्रॅदर मिस इर्माच्या कुंपणापलीकडे राहतो. भट्टी आणि त्याची झोपायची खोली यांच्यामध्ये फक्त लाकडी कुंपण. हॉलिसचा उजवा हात, नियमाचा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता. मंगळवारी गेले तेव्हा तो व्हरांड्यात आरामखुर्चीत बसला होता, दोन्ही पाय ताठ, स्टुलावर.

"उठत नाही हं, व्हर्ना. गुडघे धरलेत. हवा बदलली की असं होतं."

घर लख्ख होतं आणि त्यात कुणी राहत नसल्यासारखं वाटत होतं. त्याची बायको नेल वसंतात गेली. छातीचा विकार. खिडकीच्या फटींत अजून टॉवेल कोंबलेले दिसत होते. मला त्याची कीव आली, आणि मी आइस्ड टी घेत जरा वेळ नेलबद्दलच बोलले. तिच्या हातच्या पीच पाईची आठवण काढली तेव्हा त्याचे डोळे भरून आले.

"हॉलिसला शेवटचा कधी भेटलास?"

"गुरुवारच्या बैठकीत. शुक्रवारी मी सामन्याला गेलो, वरच्या बाकांवर होतो." तो मान हलवत राहिला. "काय माणूस होता! नियमाचा पक्का. रॅट्लिफचा स्लॅब दहा फूट पुढे आलाय म्हणून किती संतापला होता. आणि त्या बाईने... माणसाच्या जिवाची किंमत काय, तर भट्टी!"

"ती म्हणते तिला हॉलिसचा राग नव्हता."

"ती काय म्हणणार? मी टॅकेटला सांगितलंय, अंगणाची पट्टी शुक्रवारपर्यंत काढू नकोस. पुरावे नासतात. तो म्हणाला, हरकत नाही."

मी ग्लास खाली ठेवला. माझा चेहरा त्याला दिसू नये म्हणून पर्समध्ये तोंड घालून रुमाल शोधायचं सोंग केलं.

"वेंडेल, स्लॅब कुठून मोजला होता रे?"

"कडेपासून," तो म्हणाला. मग थांबला. माझ्याकडे बघत राहिला. "का?"

"असंच."

फाटकापर्यंत त्याची नजर माझ्या पाठीवर होती.

५

खुंटी स्वतः बघितल्याशिवाय मी तोंड उघडणार नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामं आटोपून खुरपं घेऊन कोपऱ्याच्या प्लॉटवर गेले. रस्त्याच्या कडेपासून दहा पावलं नव्हे, दहा फूट आत, हिरवळीचा एक तुकडा बाकीच्याहून पिवळा पडला होता. उचलून बघितला तर मुळं तुटलेली. कुणीतरी खड्डा बुजवून वर गवत परत बसवलं होतं. मी गुडघ्यांवर बसून लाल माती उकरली. हॉलिसच्या नखांतही हीच लाल माती होती. हातभर खाली खुरपं लोखंडावर वाजलं.

मागे पाऊल वाजलं तेव्हा मी अर्धी वळले, म्हणूनच डोक्यावरचा घाव खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. मी तोंडावर पडले. बुटाची टाच माझ्या बोटांवर आली आणि त्याने सगळं वजन टाकलं. मी किंचाळले. कुदळ परत वर गेली.

तेवढ्यात ट्रकचे दिवे आले. कुदळ माझ्या कानापाशी मातीत पडली आणि तो माणूस कुंपणांच्या सावलीत पळाला. रॅट्लिफ उडी मारून उतरला. माझ्याकडे बघून त्याने अशी शिवी दिली की मी शुद्धीवरच आले.

"जज्ज! कोण होता तो?"

"तोंड... दिसलं नाही. तुला?"

"पाठच दिसली. पण पळत होता का चालत होता, कळेना. दोन्ही पाय लाकडासारखे ताठ. गुडघे वाकतच नव्हते त्याचे." त्याने मला उचलून ट्रकमध्ये घातलं. "दवाखान्यात नेतो."

"आधी टॅकेटकडे चल."

टॅकेटने मोडलेला खांदा बघितला, बोटं बघितली. "मिस इर्माचे नातेवाईक असणार," तो म्हणाला. "जज्ज, तुम्ही यातून अंग काढून घ्या."

"उद्या दुपारी नगरपालिकेच्या सभागृहात मृत्यूची जाहीर चौकशी आहे," मी म्हणाले. "मिस इर्माला आण. डॉक्टरला आण. आणि तू दाराशी उभा राहा, तेवढं तरी जमेल."

६

गुरुवारी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. माझा हात गळ्यात होता आणि वेदनेने डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. मिस इर्माला बेड्या घालून समोर बसवलं होतं. वेंडेल पहिल्या रांगेच्या टोकाला, पाय लांब करून.

"लांबण लावत नाही," मी म्हणाले. "हॉलिसच्या कवटीतला खळगा चौकोनी आहे. डॉक्टर, फावड्याने तसा पडेल?"

"शक्यच नाही. हातोडा किंवा घण."

"हॉलिसकडे खुंट्या ठोकायचा हातोडा असायचा. तो गायब आहे. म्हणजे खून हातोड्याने झाला, आणि नंतर मिस इर्माच्या खिळ्यावरचं फावडं काढून रक्तात बुडवलं. कशाला? मिस इर्मा अडकावी म्हणून. म्हणजे खुनी दोघांवर चिडला होता."

खोलीत कुजबुज झाली. मिस इर्माने मान वर केली.

"आता मोजमाप. तुम्ही सगळे तीस फूट कुठून मोजता?"

"कडेपासून!" दहाबारा जण एकदम म्हणाले.

"कडेपासून मोजलं तर रॅट्लिफचा स्लॅब बिनचूक आहे. हॉलिसने बुधवारी स्वतः तसं सांगितलं होतं. शुक्रवारी दुपारी त्याला माझ्याकडून कळलं की हद्द म्हणजे खुंटी, कड नव्हे. तिथून मोजलं तर स्लॅब दहा फूट पुढे येतो. हे तो कुणाला बोलला नव्हता. तो थेट प्लॉटवर गेला, गुडघ्यांवर बसून खुंटी उकरली, आणि तिथेच डोक्यात हातोडा बसला, मग त्याला ओढत स्लॅबमध्ये नेलं. मग 'दहा फूट' हे शब्द फक्त एका माणसाला माहीत असू शकतात. जो शुक्रवारी संध्याकाळी त्या खड्ड्यापाशी हॉलिसच्या शेजारी उभा होता त्याला." मी पाणी प्यायले. "मंगळवारी मला वेंडेल प्रॅदर म्हणाला की स्लॅब दहा फूट पुढे आला म्हणून हॉलिस संतापला होता. आणि हेही म्हणाला की हॉलिसला तो गुरुवारनंतर भेटलाच नाही."

सगळी खोली वेंडेलकडे वळली. तो हसला. "अंदाजाने बोललो असेन, व्हर्ना. फाशी देणार का एवढ्यावर?"

"नाही. आणखी एक आहे. मिस इर्माच्या अंगणाची पट्टी तुला शुक्रवारपर्यंतच का हवी होती? आज पेटली नाही तर भट्टी कायमची जाते, हे मी फक्त हॉलिसला सांगितलं होतं. ते तुला कुणी सांगितलं?"

त्याने मान वळवून दाराकडे बघितलं.

"आणि शेवटचं. हॉलिसच्या खांद्यांच्या दोन्ही बाजूंना स्लॅबमध्ये खळगे आहेत. ते गुडघ्यांचे. त्याच्या पाठीवर बसून कुणीतरी त्याचं तोंड ओल्या काँक्रीटात दाबलं. तोवर दाबलं, जोवर तो हलायचा थांबला नाही. ओलं सिमेंट कापडातून आत जातं आणि कातडी जाळतं. लगेच कळत नाही. माझा नवरा एकदा असाच गुडघ्यांवर बसून काम करत राहिला, महिनाभर अंथरुणात होता. मिस इर्मा, स्कर्ट जरा वर."

मिस इर्माने बेड्यांच्या हातांनी स्कर्ट गुडघ्यांवर घेतला. स्वच्छ, गुळगुळीत कातडी.

"वेंडेल. आता तुझी पँट."

तो ताडकन उठला. मला वाटलं दाराकडे पळेल. पण त्याने मंचावरचा झेंड्याचा दांडा उपसला आणि मिस इर्माच्या डोक्यावर उगारला. टॅकेट मध्ये आला. आयुष्यात पहिल्यांदाच वेळेवर आला. दांडा त्याच्या गळ्याच्या हाडावर फुटला, तो कोसळला, आणि वेंडेल उरलेल्या टोकदार तुकड्याने बेड्यांतल्या बाईला भोसकायला धावला. रॅट्लिफने त्याला हवेतच कमरेत धरून बाकांवर आपटलं. चार जण अंगावर बसले तेव्हा कुठे तो थांबला. पँट फाटली होती. दोन्ही गुडघे काळे पडले होते, मध्ये भोकं, आत पिवळं हाड दिसत होतं. पुढच्या रांगेतल्या बाया ओरडून मागे सरल्या.

"मी दोन वर्षं झिजलो!" तो जमिनीवरून ओरडत होता. "तिची भट्टी बंद व्हावी म्हणून! नेल खिडकीत टॉवेल कोंबून झोपायची, तरी धूर यायचा. शेवटी तिला श्वास सापडत नव्हता. तिला सांगत होतो, थांब, नियम होतोय, नियम होतोय... आणि तो खड्ड्यापाशी बसून मला हसत सांगतो, 'वेंडेल, इर्माचं नक्की झालं, ती आता कायमची राहील.' माझ्याच नियमाने! त्याचाच हातोडा होता हातात..." पुढचे शब्द हुंदक्यांत गेले.

मिस इर्मा हे सगळं ऐकत होती. तिच्या बेड्या कुणीतरी काढल्या, तरी ती उठली नाही.

७

पट्टी तोडायला मी स्वतः गेले, डाव्या हाताने. मिस इर्मा भट्टीत ओकची लाकडं रचत होती. मतदानाला अजून अवकाश होता, पण तिचे हात घाई करत होते. काडी लागली, धूर वर चढला, आणि गल्लीतले लोक, शनिवारी वीट फेकणारेही, कुंपणाशी येऊन मुकाट उभे राहिले. तिने कुणाकडे बघितलं नाही.

संध्याकाळी नियम एकमताने मंजूर झाला. जे उभं आहे आणि चालू आहे, ते राहील. भट्टी चालू आहे हे नगरपालिकेच्या माणसाने येऊन पाहिलं आणि नोंदलं. हातोडा पुढच्या आठवड्यात ओढ्याच्या गाळात सापडला.

तिचा ओठ भरून आला तेव्हा ती माझ्या ऑफिसात आली. बसली नाही.

"मिस व्हर्ना, मला भट्टी हलवायचीय. त्या कुंपणापासून काढून पार दुसऱ्या टोकाला, बाभळीपाशी. तिथे मागे कुणी राहत नाही. वारा सगळा धूर ओढ्याकडे नेईल."

"का?"

"का म्हणजे? नेल कुंपणावरून माझ्याशी बोलायची. खोकायची, पण कधी म्हणाली नाही की धुराने होतंय. तोही कधी बोलला नाही. बारा वर्षांत एकदा म्हणाला असता, 'इर्मा, बायकोला त्रास होतो', तर मी आठवड्यात हलवली असती. विटाच तर आहेत! आता त्या घरात कुणी नवीन येईल. लहान मूल असेल एखादं. म्हणून आत्ताच हलवते."

मी तिला बस म्हणाले. तिने ऐकलं नाही, म्हणून उभीलाच सांगितलं.

"आता नाही हलवता येणार, मिस इर्मा. जिथे उभी आहे तिथे आहे तोवरच ती कायदेशीर. जागा बदलली की ती नवी भट्टी झाली, आणि नव्या भट्टीला पेकन टेरेसमध्ये बंदी आहे. एक वीट पलीकडे नेलीस तरी सगळं जाईल."

ती दोन पावलं टेबलाशी आली.

"आणि मतदानाच्या आधी हलवली असती तर?"

"तेव्हा कुणी विचारलं नसतं."

तिने पर्स काखेत धरली आणि दाराकडे गेली. शनिवार होता, मांस रात्रीपासून भट्टीवर होतं आणि लोक रांगेत उभे होते. तिला जावंच लागलं.